सांध्याचे स्टेशन आणि मराठी लेखक

मराठी वाङ्मयात आगगाडी येऊन आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि दहाच वर्षांनी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांनी आपल्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात तिला हक्काची जागा दिली. तेव्हापासून आमच्या कादंबरीकारांनी तिच्या डब्यांत कितीतरी नायक-नायिका बसविल्या, कथालेखकांनी तिच्या खिडक्यांतून कितीतरी डोळे बाहेर पाहावयास लावले, आणि कवींनी तर तिच्या शिटीचा मनसोक्त उपयोग करून घेतला. इतके असूनही आमचा एक आक्षेप उरतोच. आगगाडीचे स्टेशन आमच्या लेखकांस दोनच प्रसंगी दिसते: कोणी निघाले म्हणजे, आणि कोणी आले म्हणजे. निरोप आणि स्वागत या दोन भावनांपलीकडे त्या फलाटावर काही घडत असेल याची शंकाही पुष्कळांस येत नाही. ज्या ठिकाणी मनुष्य धड पोचलेला नसतो आणि धड निघालेलाही नसतो, एका गाडीतून उतरून दुसरीत बसण्याच्या खटपटीत असतो, ते सांध्याचे स्टेशन, ज्यास आपण सर्रास जंक्शन म्हणतो, मराठी लेखनात फार थोड्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे.

उदाहरणास दादर घ्यावे. मुंबईची मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे येथे एकमेकींच्या शेजारी येतात. या दोन्ही रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी आजच्या नावांनी अस्तित्वात आल्या; तत्पूर्वी त्या जी. आय. पी. आणि बी. बी. अँड सी. आय. या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या होत्या. त्यामुळे दादर हे वस्तुतः एक स्टेशन नव्हेच. एका पुलाने जोडलेली ती दोन स्टेशने होत. याचा पुरावा फलाटांच्या क्रमांकांत डिसेंबर २०२३ पर्यंत टिकून होता. तोवर दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, दोन कंपन्यांनी आपापल्या बाजूने मोजलेले. एखाद्या बांधीव पुस्तकात दोन ग्रंथ एकत्र शिवावेत आणि दोहोंची पाने एकपासून सुरू व्हावीत, तसा तो प्रकार होता. २०२३ च्या डिसेंबरात मध्य रेल्वेच्या फलाटांस आठपासून चौदापर्यंतचे क्रमांक मिळाले आणि पुस्तकाची पाने सलग झाली. ‘दादर’ या शब्दाचा अर्थ जिना. आणि या स्टेशनाचे खरे काम जिन्याचेच आहे. येथे रोज जी माणसे पूल चढतात-उतरतात त्यांतील पुष्कळांस दादर पाहावयाचे नसते, दादरला काही काम नसते. त्यांस फक्त पलीकडे जावयाचे असते.

मराठी लेखकांचे लक्ष दादरकडे न जाता बोरीबंदरकडे गेले याचे एक कारण उघड आहे. बोरीबंदरला इमारत आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने आखलेली, १८७८ साली सुरू होऊन सुमारे दहा वर्षांत पुरी झालेली ती वास्तू, जिला पुढे १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली शिवछत्रपतींचे नाव मिळाले व २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, ती पाहून खेड्यातून आलेल्या मुलाचे डोळे दिपावेत हे साहजिक आहे, आणि डोळे दिपण्याचे वर्णन करणे लेखकास सोपे जाते. दादरला घुमट नाही, सिंहांच्या मूर्ती नाहीत. पत्र्याची छपरे, लोखंडी पूल आणि फुलांचा बाजार एवढेच आहे. परंतु दुसरे कारण अधिक खोल आहे असे आम्हांस वाटते. बोरीबंदर हे रुळांचे टोक आहे. तेथे प्रवास संपतो, म्हणून कथेचे प्रकरणही संपविता येते. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मधील यमूस मुंबई ही मोकळ्या हवेची जागा वाटते. पुणे आणि मुंबई ही तेथे जीवनाची दोन टोके आहेत आणि मधला रस्ता हा केवळ रस्ता. ही दृष्टी आमच्या कादंबरीने उचलली व पुढे सोडलीच नाही. गाव आणि शहर, जुने आणि नवे, माहेर आणि सासर: टोके दोन, आणि त्यांस जोडणारी गाडी. सांधा कोठेच नाही.

मराठवाड्यातील वाचकास ही उणीव विशेष जाणवावी. हट्ट्याच्या माणसास गाडी धरावयाची तर परभणी, पूर्णा किंवा बसमत गाठणे प्राप्त. म्हणजे प्रवासाचा पहिला सांधा एस. टी. आणि आगगाडी यांच्यामध्येच पडतो. आणि जुन्या पिढीच्या मराठवाडी मनुष्याच्या दृष्टीने मुंबईच्या वाटेवरील खरे ठिकाण मुंबई नव्हेच, ते मनमाड. निजामाच्या राज्यातील गोदावरी खोऱ्याची रेल्वे मीटरगेज होती आणि मनमाडहून मुंबईस जाणारा रूळ रुंद होता. १९९० नंतरच्या दशकात आमच्याकडील रूळ रुंद होईपर्यंत सरळ मुंबईस जाणारी गाडी असणे शक्यच नव्हते. मनमाडला उतरावयाचे, वळकटी, ट्रंक आणि मुले मोजावयाची, पलीकडचा फलाट गाठावयाचा, आणि ज्या गाडीत इतर प्रांतांतील माणसे आधीच पाय पसरून बसलेली आहेत तीत शिरावयाचे. आपण निराळ्या मापाच्या प्रदेशातून आलो आहो ही गोष्ट मराठवाड्याच्या मनुष्यास कोणा राजकीय पुढाऱ्याने सांगावी लागली नाही. मनमाडच्या फलाटाने ती त्यास प्रत्येक फेरीस सांगितली. या अनुभवाची कादंबरी कोठे आहे? कित्येक दशके लाखो माणसांनी तो घेतला, आणि वाङ्मयात त्याचे जे पडसाद उमटले ते प्रवासातील गैरसोयीच्या तक्रारीपलीकडे गेलेले आम्हांस आढळले नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, स्टेशनाचे रूपक मराठी कवितेत भरपूर आहे. आहे खरे, आणि तेच दुखणे आहे. जीवन हा प्रवास, देह ही गाडी, मृत्यू हे अखेरचे स्टेशन, ही रूपके इतकी झिजली आहेत की, त्यांवरील मुद्रा आता कोणासच वाचता येत नाही. अशा कवितेत स्टेशन असते ते स्टेशन नसण्यासाठीच. या ठिकाणी मर्ढेकरांचा अपवाद केला पाहिजे. अभंगाच्या चालीत वीजगाडी आणून बसविण्याचे त्यांचे धाडस नुसते चमत्कृतीचे नव्हते. ज्या छंदात पिढ्यान्‌पिढ्या नित्यनेमाचा उपदेश झाला, त्याच छंदात चाकरमान्याचा नित्यनेम सांगितल्याने दोन्ही नेम एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. मुंबईत विजेची गाडी १९२५ साली सुरू झाली. तिची लय मराठी कवितेच्या कानी खऱ्या अर्थाने पडावयास मर्ढेकर यावे लागले. तथापि मर्ढेकरांचेही लक्ष गाडीवर व तीत कोंबलेल्या मनावर आहे. गाडी बदलणारा मनुष्य त्यांच्याही कवितेच्या कडेने निघून जातो.

सांध्याच्या स्टेशनातून वाङ्मय कसे निर्माण होते हे पाहावयाचे असेल तर जपानकडे वळावे. तेथे सांध्याची स्टेशने म्हणजे शहरांचे कणेच होत. तोक्योतील शिंजुकु स्टेशनातून दररोज तीस लाखांहून अधिक माणसे जातात आणि जगातील सर्वांत गजबजलेले स्टेशन म्हणून त्याची नोंद आहे. परंतु आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते सेइचो मात्सुमोतो याच्या ‘तेन तो सेन’, म्हणजे ‘बिंदू आणि रेषा’, या कादंबरीविषयी. १९५७ साली ती एका प्रवासविषयक मासिकातून क्रमशः येऊ लागली. गोष्ट वरवर पाहता गुन्ह्याच्या तपासाची आहे. तोक्यो स्टेशनाच्या तेरा नंबरच्या फलाटावर एक गृहस्थ उभा आहे. त्यास पोचवावयास उपाहारगृहातील दोन परिचारिका आल्या आहेत. त्या दोघींस दूर पंधरा नंबरच्या फलाटावर आपली एक सहकारीण एका पुरुषासह लांब पल्ल्याच्या गाडीत चढताना दिसते. काही दिवसांनी त्या दोघांची प्रेते समुद्रकाठी सापडतात, आणि हे प्रेमिकांचे सहमरण आहे असे सर्वजण धरून चालतात. कारण त्यांस एकत्र पाहिल्याची साक्ष आहे. तपासणाऱ्या अधिकाऱ्यास खटकते ते एवढेच की, त्या गजबजलेल्या स्टेशनात तेरा नंबरवरून पंधरा नंबर दिसतो कसा? मध्ये गाड्या सतत येत-जात असतात. चौकशीअंती कळते की, संध्याकाळच्या त्या वेळी दिवसातील फक्त चार मिनिटे मधले रूळ मोकळे असतात. त्या चार मिनिटांतच त्या साक्षीदार फलाटावर हजर होत्या. योगायोग इतका काटेकोर असू शकत नाही.

ही केवळ कोडे घालण्याची युक्ती आहे असे समजून पुस्तक मिटून ठेवणारा रसिक, आमच्या मते, एका मोठ्या गोष्टीस मुकतो. या कादंबरीत स्टेशन हे पार्श्वभूमी नाही. गुन्हाही त्यानेच शक्य केला आहे आणि उकलही त्यानेच पुरविली आहे. त्याहून मार्मिक आहे ते अंथरुणास खिळलेल्या एका क्षयी स्त्रीचे पात्र. तिला प्रवास करणे शक्य नाही, म्हणून ती वेळापत्रके वाचते. या क्षणी देशाच्या कोणत्या कोपऱ्यातील कोणत्या स्टेशनात कोणत्या दोन गाड्या समोरासमोर थांबल्या असतील याचे चित्र ती मनात रंगविते, आणि त्यावर एक सुरेख निबंधही लिहिते. वेळापत्रकाचे काव्य प्रथम ऐकू येते ते या रोगिणीच्या मुखातून, आणि तिच्या या छंदाचा गुन्ह्याशी काय संबंध असेल हा संशय वाचकाच्या मनात हळूहळू पसरत जातो. सांध्याच्या स्टेशनात शेकडो माणसांचे मार्ग एकमेकांस छेदतात, पण कोणी कोणास पाहत नाही. आणि ज्या चार मिनिटांत कोणी पाहते तीही कोणीतरी आधी योजून ठेवलेली असतात. आधुनिक नगरजीवनाविषयी इतके थंड डोक्याने केलेले विधान तत्त्वचर्चेच्या जाड ग्रंथांतही आम्हांस क्वचितच मिळाले आहे.

तरीही आमच्या लेखकांनी मात्सुमोतोचे अनुकरण करावे असे आमचे म्हणणे नाही. जपानची गाडी मिनिटावर चालते, म्हणून तेथील गुन्हा मिनिटावर रचता येतो. आमचा सांधा निराळ्या जातीचा आहे; आणि ‘जाती’चा हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. आमच्या सांध्याचे सर्वांत थोर लेखन एका महाराष्ट्रीय मनुष्याने केले, तेही मराठीत नव्हे, आणि वाङ्मय म्हणूनही नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ च्या सुमारास काही आत्मचरित्रात्मक आठवणी इंग्रजीत लिहून ठेविल्या. त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने १९९० साली पुस्तकरूपाने निघाल्या. त्यांतील पहिली आठवण १९०१ सालची, सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावरची आहे. वडील गोरेगाव येथे रोखपालाच्या नोकरीवर. मुले त्यांस भेटावयास निघालेली. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले. गाडी संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला येते, दहा मिनिटांत फलाट रिकामा होतो, आणि मुले उभीच राहतात. कारण न्यावयास कोणी आलेले नाही. आता येथे लेखकाने मुलांच्या पोशाखाचे जे तपशील दिले आहेत ते पाहावेत: नवे सदरे, झगझगीत टोप्या, नवे जोडे, रेशमी काठांची धोतरे. सामान्य लेखकाने हे बालपणीच्या कौतुकापोटी लिहिले असते. येथे त्यांचे काम निराळे आहे. त्या पोशाखावरून स्टेशनमास्तर मुलांस ब्राह्मणांची समजतो, आस्थेने चौकशी करतो. आणि मुलाने निष्पापपणे आपली जात सांगताच त्याचा चेहरा पालटतो व तो आपल्या खोलीत निघून जातो. एका शब्दाने सगळे वाचन उलटले. कपड्यांनी सांगितलेले एक, शब्दाने सांगितलेले दुसरे, आणि या देशात कोणत्या मजकुरास अधिक किंमत आहे ते तत्क्षणी ठरले.

या आठवणीचा मर्मभाग मात्र पुढे आहे. मुलांजवळ पैसे आहेत. तिकीट काढून ती गाडीने आली आहेत, आणि गाडीने त्यांस इतरांप्रमाणेच आणून पोचविले आहे. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या आहेत. दुप्पट भाडे द्यावयास मुले तयार आहेत. पण एकही गाडीवान त्यांस घ्यावयास तयार नाही. येथे सांधा निखळतो. रुळांवर जो कायदा चालतो तो तिकिटाचा; रस्त्यावर जो चालतो तो मनूचा; आणि या दोन कायद्यांच्या मध्ये, मसूरच्या त्या रिकाम्या फलाटावर, चार मुले अडकून पडली आहेत. अखेर स्टेशनमास्तरच तोड काढतो: मुलांनी गाडी स्वतः हाकावी, गाडीवानाने बाजूने पायी चालावे, भाडे दुप्पट. एका गाडीवानास हे पटते. बसणारे हाकणारे झाले, मालक पादचारी झाला, पैसे मिळाले आणि सोवळेही राहिले. हा सौदा लिहिताना लेखकाने एकही शब्द चढ्या सुरात उच्चारलेला नाही. स्टेशनमास्तर येथे राक्षस नाही. तो तोंड फिरवितो, पण पुन्हा येतो, मध्यस्थी करतो, आणि त्याची सारी बुद्धी व्यवस्था मोडण्यात खर्च न होता व्यवस्थेत एक फट शोधण्यात खर्च होते. असे पात्र मराठी कादंबरीस आजवर किती वेळा साधले आहे? आमच्या कादंबरीत एक तर अन्याय करणारा असतो, नाही तर सुधारक असतो. दुप्पट भाड्याची तडजोड सुचविणारा, अर्धा सज्जन, जो प्रत्यक्षात आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, तो मसूरच्या फलाटावरच राहून गेला.

रेल्वे आल्यास जातिभेद आपोआप ढिला होईल अशी आशा गेल्याच्या गेल्या शतकात पुष्कळांनी बोलून दाखविली होती, आणि शाळेच्या निबंधांत ती अजूनही वाचावयास मिळते. डब्यात मांडीस मांडी लागते, इतके तिच्यात खरे आहे. परंतु मसूरची आठवण सांगते की, प्रश्न डब्यात नव्हताच. तो डबा सोडून पुढच्या वाहनाकडे जाताना उभा राहतो. म्हणूनच आमच्या देशाची परीक्षा टोकाच्या स्टेशनात होत नाही.

याच्या दुसऱ्या टोकास अरुण कोलटकर आहेत. मराठीचाच हा कवी. पण त्याची ‘जेजुरी’ १९७६ साली प्रसिद्ध झाली ती इंग्रजीत. तिचा शेवटचा भाग देवळाविषयी नसून जेजुरीच्या रेल्वे स्टेशनाविषयी आहे, ही गोष्ट त्या कवितेच्या भक्तांकडूनही पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. गडावर श्रद्धेचा थांग न लागलेला प्रवासी खाली येतो आणि पुढची गाडी केव्हा, एवढेच विचारतो. ते त्यास कोणीच सांगत नाही. फलाटावरील कुत्रे तपस्वी, चहाच्या टपरीवरील पोऱ्या मौनव्रती, स्टेशनमास्तर जणू एखाद्या पंथाचा आचार्य. विनोद पुरेपूर आहे. आणि विनोदाखाली हा सिद्धांत आहे की, देवळात जे मिळाले नाही तेच, म्हणजे उत्तर न देण्याची तीच पुरातन कला, स्टेशनातही नांदते आहे. वर देव, खाली रेल्वे, आणि दोहोंचे पुजारी एकाच घराण्यातले! आंबेडकरांच्या स्टेशनात दोन कायदे भिडतात. कोलटकरांच्या स्टेशनात ते एकच निघतात. आम्हांस व्यक्तिशः पहिले अधिक मोठे वाटते, कारण तेथे हसून सुटका करून घेण्याची सोय नाही. पण दोघांनीही इंग्रजीचा आश्रय केला, ही गोष्ट मराठीच्या अभिमान्यांनी थोडी मनास लावून घ्यावी.

दादरकडे परत आल्यावर असे दिसते की, तेथे यांपैकी प्रत्येक धागा पडलेला आहे, उचलणारा हवा. मसूरच्या फलाटावर अडकलेला तो मुलगा पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहिला, आणि डिसेंबर १९५६ मध्ये दादरच्याच चौपाटीवर त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीस येणाऱ्या लक्षावधी माणसांत मराठवाड्याची माणसे मोठ्या संख्येने असतात. आमच्या बाजूच्या गाड्यांतून ती दादरला उतरतात. जी जागा एरवी फक्त ओलांडावयाची, ती त्या दिवशी पोचावयाची जागा होते. दलित आत्मकथनांनी गावकूस, शाळा, पाणवठा आणि वसतिगृह यांचे जे चित्रण केले त्यास मराठीत तोड नाही. त्या दर्जाचे दादरच्या पुलाचे चित्रण आम्ही अजून वाचावयाचे आहोत.

आणि शेजारीच परळचा पूल आहे. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ यांस जोडणाऱ्या अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मरण पावली. दुसऱ्या दिवशी दसरा होता. पाऊस आला, माणसे जिन्यावर आडोशास थांबली, मागून गाड्यांतली माणसे येतच राहिली. त्या वेळच्या वृत्तपत्रांत असे आले होते की, गर्दीत एका विक्रेत्याची फुले खाली पडली, ‘फूल पडले’ अशा अर्थाची हिंदी हाक उठली, आणि ती पुढच्यांनी ‘पूल पडला’ अशी ऐकली. प आणि फ यांत फरक तो श्वासाच्या एका झोताचा; ज्या जिन्यावर श्वास घेणेच अवघड झाले होते तेथे तो कोणाच्या कानी टिकणार? ही हकीकत खरी की मागाहून जुळविलेली, हे चौकशी करणाऱ्यांनी पाहावे. पण ती जुळविलेली असली तरी हजारो माणसांनी ती तत्काळ खरी मानली, एवढ्यानेच ती टीकाकाराच्या कक्षेत येते. कारण निरनिराळ्या भाषांची माणसे एका अरुंद जिन्यावर एकमेकांचे शब्द कसे ऐकतात, हा प्रश्न व्याकरणाचा आहे तितकाच कादंबरीचाही आहे. लष्कराने तेथे नवा पूल उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. त्याच वर्षीच्या जुलैत एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. त्या हाकेची हकीकत मात्र अजून वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतच आहे.